साखर उतरल्यावर या

बावीस वर्षं मी द्राक्षांची साखर वाचली.
मणी दोन बोटांत चुरायचा,
रसाचा एक थेंब काचेवर, वर झाकण,
आणि नळी उजेडाकडे धरून डोळा लावायचा.
वर निळं, खाली पांढरं,
दोघांच्या मधल्या रेषेवर आकडा.
अठरा. तोडा.
सोळा. अजून आठ दिवस.
पिंपळगावपासून दिंडोरीपर्यंत
माझ्या एका डोळ्यावर कात्र्या चालायच्या.

आता त्याच डोळ्यात मोती पिकलाय.
पिकलाय हा डॉक्टरचा शब्द, माझा नाही.
डावा अजून कच्चा आहे, म्हणाला,
बागेत फिरल्यासारखा.

नाशिकला डोळा दाखवायला गेलो
आणि साखर सापडली. माझी.
दोनशे अठ्ठ्याऐंशी.
प्रेशर वरचं एकशे ऐंशी, खालचं एकशे दहा.
मी म्हटलं, मला तर काहीच होत नाही.
सिस्टर म्हणाली, काका, सगळे हेच म्हणतात.
फाइलवर तिनं काहीतरी लिहिलं,
मला नुसतं लाल दिसलं.
काय लिहिलं?
साखर उतरल्यावर या.

जन्मभर चढायची वाट बघितली,
उतरायची कशी बघतात ते कुणाला विचारू?

त्र्यंबक नाक्याजवळच्या त्या दवाखान्यात
परत पाठवलेल्यांचा एक बाक आहे.
सिन्नरच्या विडी वळणाऱ्या हौसाबाई,
पेठचे रिटायर पोस्टमन,
भद्रकालीतले रजई शिवणारे हमीदचाचा.
तुमची किती? दोनशे दहा.
उपाशी की जेवून?
लासलगावला कांदा पुकारतात तसे आकडे,
फक्त इथं ज्याचा कमी, त्याची बोली.
हौसाबाई मागच्या खेपेला दोन दिवस
नुसत्या पाण्यावर राहिल्या, आकड्याला फसवायला.
पण तीन महिन्यांचा हिशेब सांगणारीही एक तपासणी असते.
रक्त लई चहाडखोर, म्हणाल्या,
आणि पिशवीतली शेंगदाण्याची पुडी सगळ्यांपुढं धरली.
कुणी नको म्हटलं नाही.

डॉक्टर माझ्या डोळ्यात उजेड मारतो,
डावीकडून, उजवीकडून, मग खुर्ची मागं सरकवतो.
मोत्याच्या मागचा पडदा दिसत नाही, म्हणतो,
साखरेनं तिथं काय करून ठेवलंय
ते मोती निघाल्यावरच कळेल.
म्हणजे मला बाहेरचं दिसत नाही
आणि त्याला आतलं.
एकाच मळक्या काचेच्या दोन बाजूंना
आम्ही दोघं, नाक टेकवून.

रात्री सुईवरच्या रेषा शेजारचा तन्मय वाचतो.
आठवीत आहे, घाईत असतो.
दहा?
दहा, आजोबा.
नक्की?
मग बघा तुम्हीच.

मोहाडीच्या यमुनाबाई उगलेंनी
मला नक्की का विचारलं नव्हतं.
त्या दिवशी व्यापारी माझ्या मागं उभा होता.
त्यानं नुसतं खाकरलं
आणि नळीत अठरा असताना
मी सोळा म्हणालो.
त्यांनी एक मणी पदराला पुसला, तोंडात टाकला.
मला तर गोड लागतंय, म्हणाल्या.
एवढंच.
नळी त्यांच्या हातात द्यायला माझं काय जात होतं?
पुढचा आठवडाभर बाग तशीच उभी राहिली
आणि भाव खाली खाली गेला.

आज तिसरी खेप.
सिस्टर दंडाला पट्टा गुंडाळते, हवा भरते,
आवळतं, सुटतं.
मग बोट पुसते, टोचते,
थेंब पट्टीवर.
यंत्र तिच्या हातात,
मला तिथं फक्त एक हिरवट धुकं.
ती बघते.
बोलत नाही.

हे असं गप्प राहणं मला पाठ आहे.
तेव्हा समोरचा माणूस
द्राक्षाच्या तारेला धरून उभा असायचा.
मी खुर्चीचा दांडा धरतो.
सिस्टर, म्हणतो,
जेवढी असेल तेवढीच सांगा.